शेटलंड विणकाम

शेटलंड विणकाम : स्कॉटलंडच्या उत्तरेस, सु. ६०° उत्तर अक्षवृत्तावर असलेल्या शेटलंड द्वीपसमूहातील, हाताने सुयांवर लोकरी वस्त्रे विणण्याची परंपरा. अतिशय तलम अशी जाळीदार शाल आणि फेअर आइल बेटाच्या नावाने ओळखली जाणारी रंगीत नक्षीची वीण, हे या परंपरेचे दोन प्रमुख आविष्कार होत. मागावरील कापडात उभे-आडवे धागे एकमेकांत गुंफलेले असतात. सुयांवरील विणीत मात्र एकाच सलग धाग्याचे वेढे एकमेकांतून ओढून घेतले जातात. त्यामुळे हे वस्त्र अंगाबरोबर ताणले जाते व उबदार राहते. या कलेची कीर्ती यूरोपभर पसरली. परंतु ती जोपासणाऱ्या स्त्रियांना त्यांच्या श्रमाचे मोल रोख पैशांत मिळण्यास दीर्घ काळ लागला. त्यामुळे शेटलंड विणकामाचा इतिहास हा कलेचा जितका, तितकाच श्रमाच्या मोबदल्याचाही इतिहास आहे.

लोकर व सूत : शेटलंडची मेंढी ही उत्तर यूरोपातील आखूड शेपटीच्या मेंढ्यांच्या गटात मोडते. ती आकाराने लहान असून विरळ गवतावर व समुद्रकाठच्या शेवाळावरही निर्वाह करू शकते. तिची लोकर मऊ व बारीक असते. पांढऱ्या रंगाखेरीज तांबूस तपकिरी, गडद करडा, निळसर करडा, काळा अशा अनेक नैसर्गिक छटा तिच्यात आढळतात. या छटांना ‘मूरिट’, ‘शेला’, ‘एम्स्केट’ अशी स्थानिक नावे आहेत. ही बेटे १४६९ पर्यंत नॉर्वे-डेन्मार्कच्या राजसत्तेखाली होती. येथील नॉर्न ही जुनी भाषा पुढे लोप पावली, तरी मेंढ्यांच्या रंगांच्या नावांत तिचे अवशेष टिकून राहिले.

उन्हाळ्याच्या आरंभी जुनी लोकर आपोआप सैल होते. त्या वेळी ती कात्रीने न कातरता हाताने उपटून काढण्याची पद्धत होती. कात्रीने कापलेले बोथट टोक धाग्यात येत नसल्याने सूत अधिक मऊ होई. मानेजवळची सर्वांत तलम लोकर शालींसाठी वेगळी ठेवीत. जाडीभरडी लोकर मोजे व अंतर्वस्त्रे यांसाठी वापरीत. लोकर पिंजून लहान उभ्या चरख्यावर तिचे सूत कातले जाई. जाळीदार शालीसाठी केसासारखे बारीक सूत काढून त्याचे दोन पदर एकत्र पिळीत. हे सूतकताईचे कौशल्य विणण्याच्या कौशल्याइतकेच दुर्मिळ मानले जाई.

प्रारंभ व डच व्यापार : सतराव्या शतकात शेटलंडमध्ये हे विणकाम चांगले रूढ झालेले होते. हेरिंग मासे पकडणारी डच जहाजे दरवर्षी २४ जून या सेंट जॉनच्या दिवसाच्या सुमारास ब्रेसे सामुद्रधुनीत गोळा होत. त्या वेळी किनाऱ्यावर मोठा बाजार भरे. बेटांवरील लोक मोजे, हातमोजे व टोप्या विकून त्यांच्या बदल्यात डच नाणी, तंबाखू, मद्य इ. वस्तू मिळवीत. या हंगामी बाजाराभोवतीच पुढे लर्विक हे शेटलंडचे प्रमुख शहर वाढले. १७०३ मध्ये फ्रेंच युद्धनौकांनी येथे नांगरलेली अनेक डच मासेमारी जहाजे जाळली. अशा लढायांचा फटका बेटांवरील मोजे विणणाऱ्यांनाही बसे.

या काळातील विणकामाचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा १९५१ मध्ये गनिस्टर येथे सापडला. जळणासाठी पीट नावाची दलदलीतील माती खणताना एका पुरुषाचे दफन उघडकीस आले. दलदलीमुळे त्याची लोकरी वस्त्रे शाबूत राहिली होती. त्यांत विणलेल्या टोप्या, हातमोजे, मोजे आणि नक्षीचे रंगीत पट्टे असलेली लहान थैली होती. थैलीत डच व स्वीडिश नाणी होती. त्यांवरून हे दफन सतराव्या शतकाच्या अखेरचे ठरते. या वस्तू एडिंबरो येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

जाळीदार शाली : यंत्रावर विणलेल्या मोज्यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हाताने विणलेल्या मोज्यांची मागणी घटली. साधारणतः १८३० नंतर शेटलंडमध्ये जाळीदार विणीची वस्त्रे तयार होऊ लागली. एडवर्ड स्टँडन या ऑक्सफर्डच्या व्यापाऱ्याने ती इंग्लंडच्या बाजारपेठेत नेली. मुंबईकरांना पुढे सुपरिचित झालेल्या पी. अँड ओ. जहाज कंपनीचे एक संस्थापक आर्थर अँडरसन हे मूळचे शेटलंडचे. त्यांनी शेटलंडचे तलम मोजे व्हिक्टोरिया राणीला भेट दिले आणि या मालाला उच्चभ्रू वर्गात मान मिळवून दिला. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनातही शेटलंडच्या शाली मांडण्यात आल्या होत्या.

या विणीत सुईवर जादा वेढा घेऊन छिद्र निर्माण करतात व अन्यत्र दोन टाके एकत्र विणून टाक्यांची संख्या कायम राखतात. या दोन साध्या क्रियांच्या मांडणीतून लाटा, नेचे, मांजराचे पाऊल, घोड्याचा नाल यांसारखे आकार साधले जातात. शालीत सामान्यतः मधला चौकोन, त्याभोवतीचे रुंद काठ व बाहेरची दातेरी किनार असे तीन भाग असतात. ते शिवून न जोडता टाके उचलून किंवा टाक्यांत टाके गुंफून जोडतात. त्यामुळे सांधा दिसत नाही. विणून झाल्यावर शाल धुऊन, पांढरी असल्यास गंधकाच्या धुरीने उजळून, लाकडी चौकटीवर ताणून वाळवीत. उत्कृष्ट शाल सु. दोन मी. लांब-रुंद असूनही बोटातील अंगठीतून आरपार जाई. काश्मीरच्या शाहतूश शालीविषयीही अशीच ख्याती होती. मात्र ती मागावर विणलेली, तर शेटलंडची सुयांवर विणलेली असे. या कामात अन्स्ट या सर्वांत उत्तरेकडील वस्ती असलेल्या बेटाचा लौकिक विशेष होता.

विणकर स्त्रिया व वस्तुरूप वेतन : शेटलंडची लोकसंख्या १८६१ मध्ये ३१ हजारांवर गेली होती. बहुतेक कुटुंबे जमीनदारांची कुळे होती. पुरुष उघड्या होड्यांतून खोल समुद्रात मासेमारीस किंवा दूरच्या जहाजांवर जात. शेती, जनावरे व जळण यांचा भार स्त्रियांवर असे. समुद्राने पुरुष हिरावल्यास विणकाम हाच घराचा आधार उरे. जुलै १८८१ मधील वादळात ५८ मच्छीमार बुडाले आणि ३४ स्त्रिया विधवा झाल्या. अशा घरांत सुया हे केवळ फावल्या वेळेचे साधन राहणे शक्य नव्हते.

व्यापारी मात्र या कामाचे मोल रोख देत नसत. विणकर स्त्रियांचे दोन वर्ग होते. काही जणी स्वतःच्या लोकरीची वस्त्रे विणून दुकानदारास विकत. काही व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीने विणत. दोघींनाही मोबदल्यादाखल त्याच दुकानातील चहा, कापड असा माल घ्यावा लागे किंवा तेवढ्या किमतीची चिठ्ठी मिळे. मालाची आणि शालीची, अशा दोन्ही किमती दुकानदारच ठरवीत असल्याने त्याला दुहेरी नफा होई. पीठ, खंड व औषध यांसाठी लागणारा पैसा स्त्रियांच्या हाती येतच नसे. मिळालेला चहा शेजारीपाजारी कमी भावाने विकून त्या पीठ मिळवीत. अंगावर बरे कापड आणि घरात धान्याचा खडखडाट, अशी विसंगती त्यामुळे दिसे.

वस्तुरूप वेतनास आळा घालणारा १८३१ चा कायदा या घरगुती कामगारांपर्यंत पोहोचला नव्हता. ब्रिटिश संसदेने नेमलेल्या आयोगाच्या वतीने विल्यम गथ्री यांनी १८७२ च्या आरंभी शेटलंडमध्ये चौकशी केली. तिच्यात मच्छीमार व व्यापारी यांच्याबरोबर अनेक विणकर स्त्रियांच्या साक्षी झाल्या. ज्या दुकानदारावर पुढचे काम अवलंबून होते, त्याच्या व्यवहाराविषयी उघड बोलणे सोपे नव्हते. तरीही या स्त्रियांनी दिलेली माहिती नेमकी होती. एकोणिसाव्या शतकातील श्रमिक स्त्रियांच्या स्वतःच्या शब्दांतील निवेदन म्हणून या साक्षींचे ऐतिहासिक मूल्य मोठे आहे. पुढे १८८७ च्या दुरुस्ती कायद्याने घरी विणलेल्या वस्तूंचाही समावेश झाला. परंतु अंमलबजावणी ढिली राहिली आणि खेड्यापाड्यांत ही प्रथा विसाव्या शतकातही चालू होती. दुसऱ्या महायुद्धात बेटांवर मोठ्या संख्येने आलेले सैनिक रोख पैसे देऊन लोकरी कपडे घेऊ लागले, तेव्हाच तिचा प्रभाव खऱ्या अर्थाने संपुष्टात आला.

फेअर आइल वीण : ऑर्कनी व शेटलंड यांच्या दरम्यान असलेल्या फेअर आइल या छोट्या बेटावरील रहिवासी ये-जा करणाऱ्या जहाजांना विणलेल्या वस्तू देऊन जीवनावश्यक जिन्नस घेत. येथील विणीत अनेक रंग वापरले, तरी एका ओळीत सामान्यतः दोनच रंग असतात. वापरात नसलेला धागा मागील बाजूने नेला जातो. त्यामुळे वस्त्र दुहेरी जाडीचे व उबदार बनते. सदरा नळीसारखा गोल विणून बाह्या व गळा यांच्या जागा नंतर कात्रीने उघडण्याचीही पद्धत आहे. स्पॅनिश आरमारातील एक जहाज १५८८ मध्ये या बेटावर फुटले व त्यातील खलाशांनी ही नक्षी शिकविली, अशी आख्यायिका आहे. तिला पुरावा नाही. बाल्टिक व स्कँडिनेव्हियन प्रदेशांतील विणीशी असलेले साम्य अधिक लक्षणीय आहे. इंग्लंडच्या युवराजांनी (नंतरचे आठवे एडवर्ड) १९२२ मध्ये सेंट अँड्रूज येथे गोल्फ खेळताना असा स्वेटर घातला आणि ही वीण एकाएकी लोकप्रिय झाली. १९५३ च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेतही शेटलंडमध्ये तयार झालेले स्वेटर वापरण्यात आले होते.

साधने व त्यांचे संग्रह : दोन्ही टोकांना अणकुचीदार असलेल्या लांब पोलादी सुया हे मुख्य साधन. त्यांना स्थानिक बोलीत ‘वायर्स’ म्हणतात. कमरेला बांधायच्या चामडी पट्ट्याला घोड्याचे केस भरलेली व छिद्रे पाडलेली लंबगोल गादी असते. उजवी सुई तिच्या छिद्रात रोवल्याने हात मोकळा राहतो व वेग वाढतो. या पट्ट्यामुळे पाठीवर पीटची टोपली घेऊन चालता चालताही विणणे शक्य होई. जुन्या छायाचित्रांत हे दृश्य वारंवार आढळते. यांखेरीज चरखे, पिंजण्याच्या फण्या, हातमोजे वाळविण्याचे लाकडी साचे व स्वेटर ताणण्याच्या चौकटी यांनाही संग्राहकांची मागणी असते. इंग्लंडमधील यॉर्कशर भागात पट्ट्याऐवजी लाकडी खोबणी वापरीत. तरुण त्या कोरून प्रेयसीला भेट देत. नावाची आद्याक्षरे व वर्ष असलेल्या खोबण्या संग्राहक विशेष मोलाच्या मानतात. अशा वस्तूंची झीज हीही माहितीच असते. गादीतील कोणती छिद्रे सर्वाधिक रुंदावली, यावरून ती वापरणारीची सवय कळते. लर्विक येथे २००७ मध्ये नव्या वास्तूत सुरू झालेल्या शेटलंड संग्रहालयात आणि अन्स्ट येथील वारसा केंद्रात या वस्तूंचे व शालींचे महत्त्वाचे संग्रह आहेत.

आधुनिक काळ : उत्तर समुद्रातील खनिज तेलामुळे १९७० नंतर शेटलंडचे अर्थकारण पालटले. सलम व्हो येथील तेलतळाच्या उभारणीमुळे चांगल्या वेतनाची कामे उपलब्ध झाली आणि व्यापाऱ्यासाठी विणणाऱ्या स्त्रियांची संख्या झपाट्याने घटली. कमी मोबदल्याचे काम सोडून देण्याचा पर्याय त्यांना प्रथमच मिळाला होता. या घटीस केवळ कलेचा ऱ्हास म्हणणे त्यामुळे एकांगी ठरते. स्थानिक शासनाने २०१० मध्ये प्राथमिक शाळांतील विणकामशिक्षण बंद केले. त्याच वर्षी शेटलंड लोकर सप्ताहाचा आरंभ झाला. सप्टेंबरच्या अखेरीस भरणाऱ्या या मेळ्यास देशोदेशींचे हौशी विणकर येतात. मेंढपाळांच्या भेटी, सूतगिरण्यांची पाहणी, जुन्या नमुन्यांची प्रदर्शने व शिकवणीवर्ग यांचा त्यात समावेश असतो. शेटलंडच्या मूळ लोकरीस २०११ मध्ये यूरोपीय संघाचे संरक्षित उत्पत्तिस्थानाचे मानांकन मिळाले. ‘शेटलंड’ हे नाव इतरत्र तयार झालेल्या यंत्रनिर्मित मालालाही सर्रास दिले जात असल्याने या मानांकनाचे महत्त्व आहे. मुलांना विणकाम शिकविण्याचे काम आता स्वयंसेवकांनी हाती घेतले आहे.

पूर्वी विणकर स्त्रीला आपल्या शालीची किंमत ठरविण्याचा अधिकार नव्हता. आज शिकवणी, नमुने व थेट विक्री यांतून तो काही प्रमाणात तिच्या हाती आला आहे. मात्र अंगठीतून जाणाऱ्या शालीसाठी लागणारे सूत हाताने कातणाऱ्या व्यक्ती फारच थोड्या उरल्या आहेत. विणीचे नमुने कागदावर उतरविता येतात. बोटांच्या स्पर्शाने सुताची जाडी राखण्याचे ज्ञान मात्र शिकविणाऱ्याच्या शेजारी बसूनच आत्मसात करावे लागते. या परंपरेचे भवितव्य मुख्यतः त्यावर अवलंबून आहे.