बियाण्यांचे दप्तर : कर्जत-खालापूरच्या अनुषंगाने

इतिहासाची साधने म्हणून आपण कागद, ताम्रपट व नाणी यांचा विचार करतो. शेतकऱ्याच्या घरातील बियाण्याचा सहसा करीत नाही. वस्तुतः पिकाचा देशी वाण हाही एक दस्तऐवजच होय. भेद इतकाच की, कागद दप्तरात बांधून ठेवला तरी शतकभर टिकतो. घरी ठेवलेले बियाणे मात्र थोड्या वर्षांत पुन्हा पेरले नाही, तर उगवेनासे होते. ते राखणाराला त्याची नवी नक्कल वरचेवर उतरवावी लागते.

लोधिवली ज्या खालापूर तालुक्यात आहे तो व शेजारचा कर्जत तालुका हा प्रामुख्याने पावसाळी भाताचा प्रदेश. कर्जत येथे १९१९ साली भातसंशोधन केंद्र स्थापन झाले. 'कोळंबा' या जुन्या स्थानिक भातातून निवडलेल्या वाणांना पुढे क्रमांक मिळाले. १९७१ साली प्रसारित झालेला 'कर्जत १८४' हा तायवानच्या बुटक्या 'तायचुंग नेटिव्ह १' आणि 'कोळंबा ५४०' यांच्या संकरातून निर्माण झाला. म्हणजे नव्या वाणाचे निम्मे कूळ शेतकऱ्याच्या कणगीतीलच होते. तथापि अशा अधिक उत्पन्न देणाऱ्या वाणांचा प्रसार होताच जुन्यांचा पेरा आटत गेला. संततीने जनकाची जागा घेतली.

भात स्वपरागित असल्याने त्याचा वाण एकट्या कुटुंबालाही राखता येतो. काकडी, भोपळा, शिराळे यांची गोष्ट निराळी. मधमाश्यांमुळे जवळपासचे वाण एकमेकांत मिसळतात. म्हणून एक तर परिसरात एकच वाण लावावा लागतो, किंवा उमलण्यापूर्वी मादीफूल बांधून हाताने परागण करावे लागते. येथे शेजाऱ्याचे सहकार्य हा सौजन्याचा नव्हे, तर शुद्धतेचा प्रश्न ठरतो. शिवाय एका घरचे बी किडीने वा अतिवृष्टीने गेले, तरी दुसऱ्या घरचे उरते.

सह्याद्रीपलीकडे, अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी हेच तत्त्व आचरणात आणले. बायफ संस्थेच्या साहाय्याने त्यांनी घरी बियाणे बँक उभारली आणि भाजीपाल्याचे व धान्याचे देशी बियाणे इतर शेतकऱ्यांच्या हाती दिले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाणीचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे.

शीतगृहातील जनुककोश अनावश्यक आहेत, असा याचा अर्थ नव्हे. तेथे बी टिकते. परंतु ते कोणत्या जमिनीत, कोणत्या नक्षत्रावर पेरावे व कसे रांधावे हे ज्ञान पेरणाऱ्यांपाशीच राहते. ते बहुधा वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात आहे. बियाण्याबरोबर वाणाचे नाव, गाव व राखण्याची रीत टिपून ठेवणे हे म्हणूनच कृषिशास्त्राइतकेच इतिहाससंशोधकाचेही कार्य आहे. आणि त्यास फार विलंब परवडणारा नाही.