पिशवी साफ केली, मंग तांबी का नाही बसवली?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ‘गर्भपात’ हा शब्द बायकांच्या तोंडी फारसा येत नाही. ‘पिशवी साफ केली’ म्हणतात आणि विषय संपवतात. मग वर्षाच्या आत त्याच बाईला पुन्हा दिवस राहिले, की घरचे अन् दवाखान्यातले दोघंही तिलाच बोलतात: तांबी का नाही बसवली? गोळ्या का नाही घेतल्या? वणी असो की पुसद, प्रश्न तोच. मला वाटतं, हा प्रश्न आधी इतिहासाला विचारायला हवा.

१८६० च्या दंडविधानात गर्भपात हा गुन्हा होता, अन् शिक्षा खुद्द त्या बाईलाही होती. १९६४ मध्ये केंद्र सरकारनं यावर समिती नेमली. अध्यक्ष आपल्याच राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. १९७१ मध्ये कायदा झाला, १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. पण काळ बघा. लोकसंख्येची भीती दिल्लीपासून तहसीलपर्यंत पसरलेली होती. गर्भनिरोधक साधन निकामी ठरलं, हे कारण कायद्यात चालत होतं, पण फक्त ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ यांच्यासाठी. मग कागदावर तेच कारण लिहायची सवय लागली. जिनं आयुष्यात गोळी पाहिली नाही, तिच्याही नावापुढं ‘साधन निकामी’. आता कागदच सांगतो की ती साधन वापरत होती, तर तिला समजावत बसणार कोण?

त्यात आणीबाणी आली. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, पण भीती गावोगाव पोचली. त्यानंतर सरकारं पुरुषांना हात लावायला घाबरली आणि ऑपरेशनचा सगळा भार बायकांवर आला. (पुरुष नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी, तरी आजही घरात तिचं नाव काढून बघा!)

१९९० च्या दशकात ‘सेहत’ संस्थेच्या मनीषा गुप्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायकांशी गर्भपाताबद्दल बोलून अभ्यास केला. बायका फुकटचा सरकारी दवाखाना सोडून पैसे मोजून खासगीत का जातात? सरकारीत नवऱ्याची सही मागतात, आणि ऑपरेशन किंवा तांबी गळ्यात मारतात, म्हणून. ‘आधी तांबीला हो म्हण, मंगच पिशवी साफ करू’ अशी अट ज्या दारात असते, त्या दारात बाई परत कशाला जाईल? ज्या साधनानं तिची सुटका व्हायची, तेच तिला दंडासारखं वाटायला लागलं.

आणि खासगीत? तिथं सक्ती नाही, पण बोलणंही नाही. २००२ पासून गर्भपाताच्या गोळ्यांना देशात परवानगी आहे. कुणी त्या डॉक्टरशिवाय, कुणाकरवी मागवून घेते, तेव्हा तर पुढचं सांगणारं कुणी नसतंच. कापूस वेचणीची मजुरी बुडवून ती दुसऱ्यांदा यायची नाही. घरी सासू सांगते, पाळी आल्याशिवाय काही होत नाही. ते खोटं आहे. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातानंतर दोन आठवड्यांतही बीज सुटू शकतं, म्हणजे पाळी दिसण्याआधीच दिवस राहू शकतात. गोळी त्याच दिवसापासून सुरू करता येते. पिशवी साफ केल्यावर, जंतुसंसर्ग नसेल तर, तांबीही लगेच बसवता येते. तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन २०१७ पासून सरकारी योजनेत आलंय. त्यानं पाळी मागंपुढं होते, हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरते आणि दुसरी सुई घ्यायला येतच नाही.

२०२१ च्या दुरुस्तीनं कायद्यातला ‘विवाहित’ शब्द गेला, ‘नवरा’ जाऊन ‘जोडीदार’ आला. तिचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. आणि सहीचं म्हणाल तर अठरा वर्षांवरच्या बाईची एकटीची संमती कायद्याला १९७१ पासूनच पुरते. संमतीच्या फॉर्मवर नवऱ्याच्या सहीसाठी जागाच नाही. तरी कुणी मागितली, तर तो रकाना दाखवा म्हणावं.