दिवस मावळताना पिंगळ्याच्या पिल्लांचा फोटो: फोनमध्ये काय चालू ठेवायचं, काय बंद

पिंगळा हे आपल्याकडे सगळ्यात सहज दिसणारं छोटं घुबड. वडाच्या ढोलीत, पडक्या वाड्याच्या भिंतीत, शहरातल्या जुन्या झाडातही त्याचं घरटं सापडतं. थंडी सरून ऊन तापायला लागलं की पिल्लं ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतात. पण नेमकी संध्याकाळी, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यासाठी सगळ्यात अवघड वेळी.

झूम दाबल्यावर खरं काय होतं?

सूर्य मावळल्यावर महाराष्ट्रात साधारण वीस-बावीस मिनिटं कामाचा संधिप्रकाश मिळतो. तुम्ही लांब उभे, म्हणून ३एक्स दाबता. समजा मुख्य लेन्स एफ/१.८ आणि टेलिफोटो एफ/२.८ आहे, तर टेलिफोटोच्या सेन्सरवर तेवढ्याच जागेत सुमारे अडीचपट कमी प्रकाश पडतो. त्यात तो सेन्सरही बहुतेक वेळा लहान. म्हणून बरेच फोन अंधारात गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर जातात आणि तोच फोटो कापून मोठा करून दाखवतात. तपासायचंय? ३एक्सवर असताना टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही, तर ती लेन्स वापरातच नाही. त्यात वाईट काही नाही, पण मग १०एक्सपर्यंत ओढण्यात अर्थ नाही.

नाइट मोडचं काय? तो एकामागून एक बऱ्याच फ्रेम घेऊन त्यांची बेरीज करतो. तुमचा हात हलला तर त्या फ्रेम जुळवून घेता येतात, पण पिल्लू हललं तर झाड मस्त स्पष्ट आणि पिल्लाच्या जागी राखाडी धब्बा. पिंगळे समोरची वस्तू नीट बघायला मान वर-खाली करतात, त्यामुळे हे हमखास होतं.

त्यापेक्षा प्रो मोड घ्या. फोन ट्रायपॉडवर किंवा निदान कठड्यावर टेकवा. शटर १/६० च्या आसपास, आयएसओ ८०० ते १६००. फोटोत दाणे येतील, येऊ द्या; दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही. मान हलवून झाली की पक्षी क्षणभर थांबतो, तेव्हा बर्स्ट मारा. ढोलीच्या कडेवर बोट दाबून फोकस लॉक करा, नाहीतर फोन पुढच्या फांदीच्या मागे लागतो. ऑटो मोडच असेल तर एक्सपोजर थोडं खाली ओढा, कारण काळी ढोली बघून फोन उगाच उजेड वाढवतो आणि त्यासाठी शटर संथ करतो. रॉची सोय असेल तर चालू ठेवा, संध्याकाळचा निळेपणा नंतर काढता येतो. घरी दुर्बीण असेल तर तिच्या भिंगाला फोन लावून बघा. जमायला वेळ लागतो, पण डिजिटल झूमपेक्षा कितीतरी भारी.

फ्लॅश बंद. तसाही तो दोन-तीन मीटरच पोचतो. अंतर पाचपट झालं की उजेड पंचविसावा हिस्सा उरतो. आणि जवळ जाऊन मारलात, तर अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर थेट झोत. फोकससाठी पेटणारा दिवा आणि शटरचा आवाजही बंद करा, स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा. आई किंवा बाप चोचीत किडा घेऊन शेजारच्या फांदीवर नुसताच बसून राहिला, आत जात नाही, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरका. ती पिल्लं तुमच्यामुळे उपाशी आहेत.

फोटोतलं लोकेशन

हे बहुतेकजण विसरतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली घुबडांना संरक्षण असूनही जादूटोण्यासाठी, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, त्यांची चोरटी विक्री होते. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये ढोलीचे अक्षांश-रेखांश जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती निघून जाते, पण क्वालिटी टिकावी म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट करून पाठवलात की सगळी जशीच्या तशी पोचते. त्यामुळे कॅमेरा ॲपच्या सेटिंगमधला लोकेशन टॅग आधीच बंद करा. फोटोच्या मागे देवळाचा कळस किंवा दुकानाची पाटी दिसत असेल तर तीही कापा, आणि कॅप्शनमध्ये फक्त जिल्हा लिहा. जागा कुणी विचारलीच, तर पिल्लं उडून गेल्यावर सांगा.