नावावरचा अर्धचंद्र

लग्नाच्या तयारीत असलेली एक तरुणी आईसह आमच्या भाईंदरच्या धर्मग्राम कार्यालयात स्नानसंस्काराचा दाखला घेण्यासाठी आली. नाव ॲग्नेस. संगणकात नाव टाकले, तर उत्तर आले, ‘नोंद नाही.’ आईचा चेहरा उतरला. “फादर, याच देवळात तिचा बाप्तिस्मा झाला हो!” ती कळवळून म्हणाली. जुनी कागदी वही काढली, तेव्हा नोंद जागच्या जागी सापडली. मराठीत एखाद्याला हाकलून देणे म्हणजे ‘अर्धचंद्र देणे’. येथे नावावरच्या अर्धचंद्रानेच आमच्या लेकीवर ती वेळ आणली होती.

अक्षरे आणि यंत्र यांचा हा झगडा आपल्याला नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले, ते रोमी लिपीत. भाषा मराठी, पण छापण्यासाठी देवनागरी खिळे नव्हते. काही मराठी वर्णांसाठी रोमी अक्षर दोनदा जोडून भागवावे लागले. या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये काढली. मध्ये ३४० वर्षे गेली.

खिळ्यांच्या जागी संगणक आला. त्याला अक्षर कळत नाही, केवळ क्रमांक कळतो. १९९१ मध्ये जगातील लिप्यांना सामाईक क्रमांक देणारी युनिकोड ही व्यवस्था प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी आपल्या देशातील १९८८ च्या ‘इस्की’ संकेतावर आधारलेली होती. तीत ‘ऍ’ होता; पण मराठी माणूस लिहितो तो ‘ॲ’ नव्हता. लोकांनी ‘अ’ला चंद्र जोडून, कधी मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून, काम चालविले. ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने वर्णमालेविषयीच्या निर्णयात या स्वरालाही स्थान दिले.

सेमिनरीत नव्या कराराची ग्रीक भाषा शिकताना स्वरांवरील आघातचिन्हांनी आम्हांस फार छळले होते. आज ग्रीकचे उदाहरण मात्र उपयोगी पडते. आघातचिन्ह असलेला ‘आल्फा’ संगणकात तीन प्रकारे लिहिता येतो. आधुनिक ग्रीकसाठी एक क्रमांक आहे, प्राचीन ग्रीकच्या विभागात दुसरा आहे. शिवाय साधा आल्फा लिहून पुढे सुटे चिन्ह जोडता येते. तरीही युनिकोडच्या नियमाने तिन्ही समतुल्य आहेत. नियम पाळणाऱ्या शोधात कोणतेही रूप दिले तरी तिन्ही सापडतात.

‘ॲ’ला हे भाग्य लाभले नाही. देवनागरीतील प्रत्येक स्वर स्वतंत्र अक्षर मानला आहे. ‘आ’ म्हणजे ‘अ’ अधिक काना, असे युनिकोड मानत नाही. म्हणून ‘ॲ’ आणि चंद्र जोडलेला ‘अ’ डोळ्यांना एक दिसले, तरी संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्दारंभ होत. आमच्या कार्यालयात नेमके हेच झाले होते. नोंदी वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या कळफलकांवर भरल्या गेल्या; चूक आमचीच, आधी नियम ठरविला नाही. ॲन, ॲलन, ॲन्थनी, सर्वांचीच ती गत.

आता सर्व नोंदींत एकच ‘ॲ’ केला आहे. आपल्या वाडवडिलांना लॅटिन वहीत ‘अंतोनियुस’ लिहिले गेले, गावाने ‘आंतोन’ म्हणून हाक मारली. तरी माणूस एकच, हे वहीपुढे बसलेला जाणत असे. यंत्र ते जाणत नाही. म्हणून कुटुंबांना आमची विनंती: मुलाचे नाव नोंदविताना पडद्यावरील अक्षरे नीट पाहा, आणि ‘नोंद नाही’ असे उत्तर मिळाल्यास कागदी वही उघडून पाहण्याचा आग्रह धरा. त्या वह्या आम्ही कपाटात जपून ठेवल्या आहेत.