कोलंबिया घळईतील ऐतिहासिक मार्ग : जतनाच्या प्रश्नाची एक मीमांसा

रस्त्यांच्या इतिहासाचा विचार आपल्याकडे बहुधा व्यापार आणि सैन्याची हालचाल या दोन अंगांनी होतो. रस्ता हाच वारसा ठरू शकतो काय, आणि ठरत असल्यास त्यातील नेमके काय जतन करावयाचे, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात कोलंबिया नदीच्या घळईतून जाणाऱ्या जुन्या मार्गाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

ट्राउटडेल ते द डॅल्स हा सुमारे 74 मैलांचा मार्ग 1913 ते 1922 या काळात बांधण्यात आला. त्याचा प्रमुख पुरस्कर्ता सॅम्युअल हिल हा 1908 साली पॅरिस येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय रस्ते परिषदेस गेला, तेव्हा सॅम्युअल लँकेस्टर हा अभियंता त्याच्यासमवेत होता. ऱ्हाइनचे खोरे आणि स्वित्झर्लंडमधील आक्सेनश्ट्रासे हा सरोवराकाठचा रस्ता यांचा ठसा त्या प्रवासात लँकेस्टरच्या मनावर उमटला. पुढे या मार्गाची आखणी करताना त्याने चढ शंभरास पाचाहून अधिक नसावा, वळणाची त्रिज्या 100 फुटांहून कमी नसावी आणि रुंदी 24 फूट असावी, असे दंडक घातले. तथापि रेषा कोठून न्यावयाची हे केवळ या दंडकांनी ठरले नाही. प्रवाशास धबधबे जवळून दिसावेत व नदीचे पात्र उंचावरून न्याहाळता यावे, हाही आखणीचा स्पष्ट हेतू होता. क्राउन पॉइंट येथे रस्ता नदीपासून सुमारे 700 फूट उंचीवर कड्याच्या टोकास वळसा घालतो. मार्गावरील दगडी कामात इटालियन गवंड्यांचे कसब दिसते. मिचेल पॉइंट येथील बोगद्यास तर नदीच्या बाजूस पाच गवाक्षे ठेवण्यात आली होती. हा बोगदा 1915 साली पुरा झाला.

ज्या मोटारीसाठी हा मार्ग जन्मास आला, तीच पुढे त्याच्या मुळावर आली. मोटारींचा वेग वाढला, मालमोटारींची संख्या वाढली, आणि 24 फुटांचा वळणावळणांचा रस्ता अपुरा पडू लागला. 1930 नंतर नदीकाठाने नवा सपाट मार्ग टप्प्याटप्प्याने तयार होत गेला व जुना मार्ग तुकड्यातुकड्यांनी निकामी झाला. मोझिअरचे जोडबोगदे दगडमातीने बुजविण्यात आले. मिचेल पॉइंटचा बोगदा 1966 साली नव्या महामार्गाच्या रुंदीकरणासाठी नष्ट करण्यात आला. हा विध्वंस अनास्थेतून झाला असे म्हणणे अपुरे ठरेल. तो वाहतुकीच्या रीतसर नियोजनाचा परिणाम होता, आणि त्या नियोजनाच्या हिशेबात रस्त्याच्या सौंदर्यास व इतिहासास रकानाच नव्हता.

1983 साली मार्गाची राष्ट्रीय वारसा-नोंदवहीत नोंद झाली. 1986 साली घळईच्या संरक्षणासाठी संघराज्याचा कायदा झाला. 1987 साली राज्य विधिमंडळाने उरलेले भाग जतन करण्याचे व तुटलेले भाग पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी वाटेने जोडण्याचे काम राज्याच्या परिवहन खात्याकडे सोपविले. ज्या शासकीय यंत्रणेने मार्ग मोडला, तिच्याकडेच तो सांधण्याची जबाबदारी आली, हे लक्षणीय आहे. 2000 साली मोझिअरचे बोगदे मोकळे होऊन पादचाऱ्यांस खुले झाले; त्याच वर्षी मार्गास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

मिचेल पॉइंट येथे मात्र मोकळे करण्याजोगे काही उरलेच नव्हते. तेथे पुन्हा पाच गवाक्षांचा नवा बोगदा खोदण्यात आला व 2025 साली तो खुला झाला. यास जतन म्हणावे काय? मूळ शिल्प एकदा गेले की ते परत येत नाही, आणि अनुकृतीस मूळ मानणे ही इतिहासाची प्रतारणाच होय. परंतु रस्ता म्हणजे सुटा स्तंभ वा सुटे देऊळ नव्हे. सलगता हाच त्याचा प्राण होय. नवा बोगदा जुन्या बोगद्याची जागा घेऊ शकत नाही. पण खंडित रेषा तो सांधतो, आणि पुढच्या व मागच्या अस्सल भागांना अर्थ देतो. अनुकृती ही अनुकृती म्हणूनच सांगितली जावी, एवढी अट पाळल्यास तिचे समर्थन करता येईल.

जतन झालेल्या मार्गाचे व्यवस्थापन हा याहून चिवट प्रश्न आहे. 2017 साली फटाक्यांमुळे पेटलेल्या वणव्यात घळईतील सुमारे 48,000 एकर क्षेत्र होरपळले व मार्गाचा काही भाग वर्षाहून अधिक काळ बंद राहिला. 2022 च्या उन्हाळ्यात तर धबधब्यांच्या टापूत गर्दीमुळे वाहनांना ठरावीक वेळेचे परवाने लावावे लागले. सौंदर्य दाखविण्यासाठी बांधलेल्या रस्त्याचे रक्षण करताना पाहणाऱ्यांची संख्याच मर्यादित करावी लागते, हा विरोधाभास टाळता येण्यासारखा नाही.

आपल्याकडे नाणेघाटाचे नाव निघताच सातवाहनकालीन लेख आठवतात, बोरघाटाचे निघताच 1830 साली खुला झालेला गाडीरस्ता. पण चढाचे मान, वळणाची जागा, पाण्याची टाकी, कठड्याची बांधणी हीदेखील लेखाइतकीच बोलकी साधने आहेत. घाटाचे रुंदीकरण करण्यापूर्वी त्यांची मोजणी व नोंद झाली पाहिजे. मिचेल पॉइंटचे पाच झरोके पुन्हा कोरता आले. जुन्या घाटवाटेची नोंदच नसेल, तर पुन्हा कोरावयाचे काय, हेही सांगता येणार नाही.