डाग गेला, दमा आला

धुण्याच्या पावडरच्या पुड्यावर 'एन्झाइम' हा शब्द आपण बघतो आणि सोडून देतो. पण त्या शब्दामागे कामगारांच्या छातीचा एक इतिहास आहे. घरातलं कुणी एमआयडीसीत कामाला असेल तर जरूर वाचा मंडळी.

रक्त, दूध, अंडं, घाम यांचे डाग नुसत्या साबणाला दाद देत नाहीत, कारण ते प्रथिनांचे असतात. मातीत सहज सापडणारा बॅसिलस जातीचा जिवाणू प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम तयार करतो, त्याचं नाव सबटिलिसिन. साठच्या दशकात युरोपातल्या कंपन्यांनी ते मोठ्या प्रमाणावर बनवून पावडरीत घातलं. डाग पटकन निघू लागले, जाहिराती जोरात, खप वाढला.

तेव्हा हे एन्झाइम पिठासारखं बारीक यायचं. गोण्या फोडायच्या, मिश्रण करायचं, खोकी भरायची. सगळीकडे धूळ. इंग्लंडमधल्या अशा कामगारांना खोकला, छातीत घरघर आणि धाप सुरू झाली. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) त्रास नेहमी कामावरच व्हायचा असं नाही. काहींना पाळी संपून घरी गेल्यावर, कित्येक तासांनी धाप लागायची. मग कारखान्याचा संशय कोण घेणार? सर्दी, सिगारेट, हवा, यांच्यावरच खापर.

जून १९६९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले. एक डॉ. मायकेल फ्लिंट यांचा, कामगारांच्या आजाराची नोंद करणारा. दुसरा जॅक पेपिस आणि सहकाऱ्यांचा. पेपिस यांच्या गटाने कामगारांच्या त्वचेवर आणि श्वासावाटे चाचण्या घेऊन दाखवलं की ही जिवाणूच्या प्रथिनाची ॲलर्जी आहे, आणि तिचा झटका लगेच येतो तसा उशिराही येतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हा जिवाणूचा संसर्ग नव्हे. पावडरीत जिवंत जिवाणू नसला तरी त्याचं प्रथिन पुरतं. श्वासावाटे ते वारंवार आत गेलं की काहींचं शरीर त्याला शत्रू ठरवतं आणि त्याच्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. या पहिल्या टप्प्यात काहीच जाणवत नाही. पुढे चिमूटभर धूळही पुरते, श्वासनलिका आवळतात. (आयजीईचा शोधच मुळी १९६६-६७ चा. म्हणजे आजार आणि त्याचं स्पष्टीकरण जवळजवळ बरोबरच आले.)

बातमी फुटल्यावर गाजावाजा झाला तो मात्र ग्राहकांच्या काळजीचा. १९७१ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या समितीने घरगुती वापरात मोठा धोका नसल्याचं सांगितलं. कंपन्यांनी पिठाऐवजी एन्झाइमचे आवरण असलेले दाणे वापरायला सुरुवात केली, धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवली. कामगारांचे आजार खूप कमी झाले, हे कबूल करायला हवं. पण माझ्या मते खपाला धक्का बसायची भीती नसती तर हे इतक्या लवकर झालं नसतं.

मर्यादा किती बारीक ठरली बघा. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की एक घनमीटर हवेत ६० नॅनोग्रॅमच्या वर सबटिलिसिन कधीच जाऊ नये. एका ग्रॅमचे १०० कोटी भाग केले तर त्यातले ६०.

दाणे आले, प्रश्न मिटला, असंच सगळे धरून चालले होते. मग २००० साली त्याच 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनच्या एका आधुनिक डिटर्जंट कारखान्याचा अभ्यास छापून आला. तिथे सुरुवातीपासून आवरण असलेलेच दाणे वापरले जात होते. तरी साधारण दर चार कामगारांमागे एकाच्या शरीरात एन्झाइमविरुद्ध ॲलर्जी तयार झालेली आढळली.