न्हावा-शेवा : निवाडा, यादी आणि यादीबाहेरचा शेतकरी

शेतकऱ्याला सरकारकडून मिळालेला पैसा जाहीर व्हावा की नाही, हा वाद आपण नवा समजतो. न्हावा-शेव्याच्या खारजमिनींचा इतिहास पाहिला तर तो तसा नाही. 1894 च्या भूसंपादन कायद्यानुसार अधिसूचना राजपत्रात छापून गावातही तिची जाहीर सूचना द्यावी लागे. कलम 11 खालच्या निवाड्यात जमिनीचे क्षेत्र, मोबदल्याची रक्कम आणि हितसंबंधितांमधील तिची वाटणी नमूद करणे बंधनकारक होते. नवी मुंबईसाठी 1970 पासून ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील 95 गावे याच कायद्याच्या कक्षेत आली. मोबदला, म्हणजे, गुप्त नव्हता.

तरीही जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले आणि 16 व 17 तारखेच्या गोळीबारात 5 जणांचे प्राण गेले. आकडा माहीत असणे आणि तो मान्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. बंदर 1989 मध्ये सुरू झाले. त्याच्या प्रकल्पग्रस्तांपैकी काहींना अशा भूखंडांची पत्रे 16 ऑगस्ट 2014 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मिळाली. मधल्या पंचवीस वर्षांत एक पिढी सरली, आणि खातेदाराऐवजी वारसाने कागद दाखवायचा अशी वेळ आली.

कागद कोणाचा, हा प्रश्न या जिल्ह्यात त्याहून जुना आहे. अलिबाग तालुक्यातील चरीच्या परिसरात 25 गावांच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून सुमारे सहा वर्षे खोतांची शेती कसलीच नाही. कसणाऱ्याला कायद्याने कूळ म्हणून ओळखावे, एवढ्यासाठी ही उपासमार होती. 1939 च्या कुळकायद्यामागे या संपाचे बळ होते, असे मला वाटते.

आता माहिती अधिकार कायद्याचे (2005) कलम 4 घ्या. अनुदानाच्या कार्यक्रमांतील रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करावा, असे ते सांगते. ही तरतूद मोलाचीच आहे. अपात्र माणसाचे नाव यादीत दिसले की शेजारी बोट ठेवू शकतो. परंतु पात्र असूनही वगळला गेलेला माणूस यादी वाचून सापडत नाही. 2008 च्या कर्जमाफीवरील महालेखापरीक्षकांच्या 2013 च्या अहवालाने हे दाखवून दिले. माफी मिळालेल्या, तपासलेल्या 80,299 खात्यांपैकी 8.5 टक्के अपात्र निघाली. आणि स्वतंत्रपणे तपासलेल्या 9,334 खात्यांपैकी 1,257 खाती पात्र असूनही विचारातच घेतली गेली नव्हती. ही दुसरी संख्या कोणत्याही लाभार्थी-यादीत दिसणे शक्य नव्हते. त्यासाठी बँकांची दप्तरे उघडावी लागली.

2019 मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेत वर्षाला 6,000 रुपये मिळतात आणि लाभार्थ्यांची गाववार यादी कोणालाही पाहता येते. मात्र पात्रतेचा आधार 1 फेब्रुवारी 2019 रोजीची जमिनीची नोंद हा आहे. ज्या घराची सगळी खाचरे बंदराच्या यार्डाखाली गेली आणि जे आज दुसऱ्याचे शेत खंडाने कसते, त्या घरातील कोणाचेही नाव या यादीत येत नाही.